हरित ऊर्जा संक्रमणाचं सामाजिक परिणाम मूल्यांकन

एखादा देश कोळसा-डिझेल सोडून सूर्य, वारा, पाणी यांच्या विजेकडे वळायला लागला की त्या बदलात कोणाची जमीन जाते, कोणाचं काम सुटतं, कोणाला नवीन काम मिळतं, कोणाचं बिल कमी होतं आणि कोणाच्या हाती काहीच लागत नाही, हे आधी तपासायचं, लिहून काढायचं आणि प्रकल्प सुरू झाल्यावरही तपासत राहायचं, याला सामाजिक परिणाम मूल्यांकन म्हणतात, शॉर्टमध्ये एसआयए. पर्यावरणाचं मूल्यांकन हवा, पाणी, झाडं बघतं, हे माणसं बघतं. देशपातळीवर मेगावॅट आणि कार्बनचे आकडे असतात, पण परिणाम होतो तो गावात, वस्तीवर, घरात, म्हणून इथे नाशिक जिल्हा धरून समजावलंय, कारण या एकाच जिल्ह्यात जुनं औष्णिक केंद्र आहे, सोलरसाठी माळरान आहे, द्राक्षबागा आहेत, आदिवासी तालुके आहेत आणि डिझेल इंजिनाचे पार्ट बनवणारी एमआयडीसी पण आहे.

थोडा इतिहास

सुरुवात अमेरिकेच्या १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यापासून धरतात. पण खरं वळण कॅनडात आलं. तिथे मॅकेंझी खोऱ्यातून गॅसची पाइपलाइन न्यायची होती, त्याची चौकशी न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांच्याकडे १९७४ मध्ये आली, आणि त्यांनी नुसतं शहरात बसून एक्स्पर्ट लोकांचं ऐकलं नाही तर मूळनिवासींच्या वस्त्यांवर जाऊन, त्यांच्या भाषेत, त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं. १९७७ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की आधी या लोकांच्या जमिनीच्या हक्काचा निकाल लावा, पाइपलाइन १० वर्षं थांबवा. जनसुनावणी म्हणजे काय हे समजायला आजही हेच उदाहरण सगळ्यात चांगलं आहे.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने न्याय्य संक्रमणाची (म्हणजे या बदलाचा भार एकट्या कामगार-गरिबांवर पडू नये याची) मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्याच वर्षी पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत पण कामगारांसाठीच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आला. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत नेट झिरोचं (जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढा परत शोषायचा) आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून, क्षमतेचं टार्गेट जाहीर केलं. जून २०२५ पर्यंत देशाच्या स्थापित वीज क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म झालाही, पण प्रत्यक्ष वापरतो ती वीज अजून मुख्यतः कोळशाचीच आहे, म्हणजे कोळसा बंद होण्याचा सामाजिक धक्का बराचसा पुढेच आहे, तयारी करायला वेळ आहे तो आत्ताच.

कायदा काय म्हणतो आणि कुठे सुटतो

भारतात एसआयए सक्तीचं झालं ते २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. जमीन संपादन करण्याआधी ६ महिन्यांच्या आत अभ्यास पूर्ण करायचा, ग्रामपंचायतीशी सल्लामसलत करायची, बाधित भागात जनसुनावणी घ्यायची, अहवाल स्थानिक भाषेत पंचायतीत आणि कलेक्टर ऑफिसात ठेवायचा, मग स्वतंत्र तज्ज्ञ गट तो तपासणार. यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नाही, त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर पण येतो. कागदावर चांगला कायदा आहे.

अडचण अशी की हरित प्रकल्पांपैकी बरेचसे या दारातून आतच येत नाहीत. सोलर पार्कची जमीन थेट खरेदीने किंवा भाडेपट्ट्याने घेतली की सरकारी संपादन होत नाही, मग एसआयए पण लागत नाही. सोलर पीव्ही (पॅनलवरची वीज) आणि पवनचक्की प्रकल्प २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेतही येत नाहीत, त्यामुळे ती जनसुनावणी पण नाही. ट्रान्समिशन लाइनचं तर वेगळंच आहे, टॉवर उभे राहतात ते वीज कायदा २००३ आणि १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातून आलेल्या अधिकारावर, जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते आणि त्याला फक्त नुकसानभरपाई मिळते. केंद्राच्या २०१५ च्या सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के भरपाई होती, जून २०२४ मध्ये ती २०० आणि ३० टक्के केली. वाढ चांगलीच आहे, पण द्राक्षाच्या मांडवातून लाइन गेली तर प्रश्न जमिनीच्या किमतीपुरता राहत नाही, अँगल, तारा, ड्रिप, बागेची उरलेली वर्षं आणि त्यावर काढलेलं सोसायटीचं कर्ज हे सगळं कोणीतरी मोजायला पाहिजे.

मोजलं नाही तर काय होतं ते शेजारच्या धुळे जिल्ह्याने बघितलंय. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणला आधी औष्णिक आणि नंतर सोलर ठरलेल्या वीज प्रकल्पासाठी जमीन गेली, मोबदल्यात मोठी तफावत असल्याची तक्रार घेऊन एक ८४ वर्षांचे शेतकरी वर्षानुवर्षे चकरा मारत राहिले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, काही दिवसांत ते गेले. प्रकल्प हरित आहे म्हणून भूसंपादनाचं दुखणं आपोआप बरं होत नाही.

नाशिकमध्ये मोजायचं काय काय

एकलहरेपासून सुरुवात करावी लागेल. नाशिकरोडजवळचं हे औष्णिक केंद्र १९७० च्या सुमाराला सुरू झालं. १४० मेगावॅटचे दोन जुने संच बंद झालेत, २१० चे तीन म्हणजे ६३० मेगावॅट राहिलेत. अशा केंद्रात कायम नोकरीवाल्याची बदली होते, त्याला पेन्शन-ग्रॅच्युइटी असते. पण ठेकेदाराकडे कोळसा हाताळणीत, साफसफाईत, मेंटेनन्सला असणारा कामगार, राख उचलणारे ट्रकवाले, त्या राखेवर चालणाऱ्या विटांच्या भट्ट्या नाहीतर प्लांट, कॉलनीच्या गेटवरची चहाची टपरी, वडिलांची जमीन गेल्याचा प्रकल्पग्रस्त दाखला घेऊन नंबर लागायची वाट बघणारा पोरगा, हे कोणाच्याच पेरोलवर नसतात. संच बंद झाल्यावर यांची गिनती करायला गेलं तर माणसं पांगलेली असतात, म्हणून यादी चालू केंद्रातच करावी लागते. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी औष्णिक केंद्राचा शेवटचा संच ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाला तेव्हा हाच धडा मिळाला, बंद आधी झालं आणि पर्यायी रोजगार मागे राहिला, त्यावर तिथे भरपूर टीका झाली. जर्मनीने २०२० चा कायदा करताना कोळसा सोडायची मुदत २०३८ ठेवली आणि कोळसा भागांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद सोबतच केली.

सिन्नरला अजून एक वेगळा परिणाम दिसतो. तिथे १३५० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प उभा राहिला आणि वीजखरेदी करार, रेल्वेलाइन यांच्यात अडकून वर्षानुवर्षे बंदच राहिला. शेती गेली आणि सांगितलेला रोजगार पण आला नाही, असं गावाच्या वाट्याला येऊ शकतं, आणि एकदा असा अनुभव आला की पुढच्या सोलरवाल्याकडे पण लोक संशयानेच बघतात. मूल्यांकनात हा जुना अनुभव लिहिला गेला पाहिजे, तो सहसा कोणी लिहीत नाही.

आता फायद्याचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनच्या जवळ सोलर प्रकल्प टाकून शेतीचे फिडर (शेतीला वीज नेणाऱ्या वाहिन्या) त्यावर चालवायचे असं आहे, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज. हे शहरातल्या माणसाला फार छोटं वाटेल. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागात उसात-मक्यात बिबट्या असतो आणि थ्री फेज रात्रीची आली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला, बारं द्यायला जावं लागतं, थंडीत, साप-विंचवात, घरातलं एक माणूस जागं आणि बाकीचे काळजीत. दिवसा पाणी भरता आलं तर जीव वाचतो, झोप मिळते, आणि बाईमाणूस पण मोटरीवर जाऊ शकतं. हा फायदा युनिटमध्ये मोजता येत नाही म्हणून अहवालात येत नाही, पण माझ्या मते या सगळ्या बदलातला हा सगळ्यात मोठा सामाजिक फायदा आहे. त्याची दुसरी बाजू पण आहे, सौरपंपाला बिल नाही म्हटल्यावर चांदवड, येवला, सिन्नरसारख्या कमी पावसाच्या पट्ट्यात उपसा वाढायचा धोका आहे, आणि ज्याच्याकडे खोल बोअरला पैसा नाही त्याची विहीर आधी आटते.

याच योजनेत जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते, कोरडवाहू बरडाला हा दर चांगलाच म्हणायचा. पण भाडं सातबारावर नाव असलेल्याला मिळतं. खातं सामाईक असेल, बहिणींनी हक्कसोड दिलेली असेल, जमीन कोणी वाट्याने कसत असेल, तर पैसा एका खात्यात जातो आणि काम दुसऱ्याचं सुटतं. गायरानावर पॅनल आले तर शेळ्या कुठे चारायच्या, मेंढपाळांनी वाडा कुठे बसवायचा हा प्रश्न नांदगाव-सिन्नरच्या माळावर खराखुरा आहे, आणि गायरान सरकारी असल्यामुळे तिथे विचारायला मालक म्हणून कोणी नसतंच. कर्नाटकातल्या पावगडा सोलर पार्कमध्ये हे स्पष्ट दिसलं, ५ गावांची सुमारे १३,००० एकर जमीन भाड्याने घेतली, २,०५० मेगावॅट उभे राहिले, मालकांना एकरी २१,००० रुपये वार्षिक भाडं सुरू झालं, आणि भूमिहीन मजुरांचं शेतातलं काम गेलं. पॅनल धुवायला आणि वॉचमन म्हणून थोडीच माणसं लागतात.

पश्चिमेकडे सुरगाणा, पेठ, कळवण हे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेले तालुके, इगतपुरी-दिंडोरीचा पण काही भाग त्यात येतो. इथे पेसा १९९६ (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा २००६ (कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देणारा) लागतो. वनपट्ट्यांच्या मागणीसाठी मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले, म्हणजे पट्ट्याचा प्रश्न किती खोल आहे ते कळतं. इगतपुरीजवळ भावलीला १५०० मेगावॅटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडून वीज करायची) प्रस्तावित आहे. रात्रीच्या विजेसाठी अशा साठवणुकीची गरज आहेच, पण ज्याचा वनपट्ट्याचा दावा मंजूर व्हायचा बाकी आहे तो कागदावर बाधितच ठरत नाही, तेव्हा आधी दावे निकाली काढा, मग मोजणी करा, हा क्रम असायला पाहिजे.

सातपूर-अंबड या नाशिकच्या एमआयडीसीचं नाव या विषयात कोणी घेत नाही, खरं तर घ्यायला हवं. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर, नोझल बनवणारं काम इथे आहे आणि त्यावर जॉबवर्क करणारी छोटी वर्कशॉप आहेत, इलेक्ट्रिक गाडीला नोझल लागत नाही. उलट स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर, पॅनल बोर्डवाल्यांची मागणी वाढणार. ४५ वर्षांच्या सीएनसी ऑपरेटरला इकडून तिकडे जाता येईल का, ट्रेनिंगच्या काळात घर कोण चालवणार, हे आयटीआय, कंपन्या आणि युनियनला एकत्र बसवूनच कळेल.

पद्धत

आधी आजची स्थिती नोंदवायची, त्याला बेसलाइन म्हणतात, घरोघर जाऊन उत्पन्न, काम, कर्ज, जनावरं, पाण्याची सोय, स्थलांतर. मग प्रकल्पामुळे काय बदलेल याचा अंदाज, तो कमी करायचे उपाय, जबाबदार कोण, पैसा कुठून, आणि दर काही वर्षांनी परत तपासणी. देशपातळीवर याला रोजगाराची मॉडेलं, घरगुती खर्चाचे सर्व्हे, वीजदराचा गरीब घरावर पडणारा भार यांची जोड देतात. झारखंडने २०२२ मध्ये न्याय्य संक्रमणासाठी टास्क फोर्स नेमला तो याच कामाला.

पण सगळं अवलंबून असतं कोणाला आणि कधी विचारलं यावर. ग्रामसभा सकाळी ११ ला ठेवली की द्राक्षाच्या हंगामात मजुरांची टोळी ८ लाच पिकअपमध्ये बसून छाटणीला नाहीतर थिनिंगला गेलेली असते, बाया आल्या तरी दाराजवळ उभ्या राहतात आणि माइक पुढच्या खुर्च्यांमध्येच फिरतो. संध्याकाळी वस्तीवर, महिलांची बैठक वेगळी, मेंढपाळ माळावर असतील त्या महिन्यात, अशी आखणी केली तरच अहवाल खरा होतो. भाडेपट्ट्याच्या प्रकल्पाला कायद्याने एसआयए लागत नसलं तरी ग्रामपंचायत ठराव करताना अशी माहिती मागू शकते, गायरानावर कोणाची किती जनावरं चरतात याची यादी ठरावाला जोडू शकते, आणि वीज करार २५ वर्षांचा असल्यामुळे शेवटी पॅनल काढून जमीन कशी परत मिळणार हे करारातच लिहून घ्या असं मालकांना सांगू शकते.