हमला व दुखापत (फौजदारी कायदा)

मारहाण हा शब्द बोलण्यात एकच असला, तरी भारतीय फौजदारी कायदा तिची वेगवेगळ्या गुन्ह्यांत विभागणी करतो. 1 जुलै 2024 पासून हे गुन्हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 114 ते 136 मध्ये येतात. त्याआधीच्या घटनांना 1860 ची भारतीय दंड संहिताच लागू असल्याने न्यायालयांत जुने आणि नवे असे दोन्ही कलमांक अजून ऐकू येतात.

हमला (कलम 130) होण्यासाठी अंगाला हात लागावा लागत नाही. आता आपल्यावर बलप्रयोग होणार, अशी धास्ती समोरच्याला वाटेल असा हावभाव किंवा तयारी पुरते. मूठ उगारणे आणि चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाची जाळी सोडू लागणे ही कायद्यातलीच उदाहरणे आहेत. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. पण हातात काठी घेऊन ‘आता बडवतो’ म्हटले, की त्या शब्दांमुळे काठी उचलण्याला अर्थ येतो. संमतीविना प्रत्यक्ष बळ वापरले, की फौजदारीपात्र बलप्रयोग (कलम 129) होतो. त्याचा अर्थ बराच व्यापक आहे: नदीकाठी बांधलेल्या नावेत कोणी बसलेला असताना तिचा दोर मुद्दाम सोडून देणेही त्यात बसते. इंग्रजी कायद्यातली ‘बॅटरी’ (दुसऱ्याच्या अंगावर प्रत्यक्ष बळ वापरणे) या नावाने भारतात नाही. तिची जागा बलप्रयोग आणि दुखापत यांनी घेतली आहे. हमला आणि बलप्रयोग या दोहोंची साधी शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही (कलम 131).

व्यवहारात जास्त गाजते ती दुखापत. शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता यांपैकी काहीही घडवणे म्हणजे दुखापत. रक्त निघायलाच हवे असे नाही, थप्पडही चालते. कलम 115(2) खाली एक वर्षापर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुने कलम 323 ते हेच, आणि ‘323, 504, 506’ (दुखापत, शांतताभंगासाठी चिथावणारा अपमान, धमकी) ही तिकडी महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत वर्षानुवर्षे पाठ झालेली.

जबर दुखापतीचे (कलम 116) आठच प्रकार आहेत. डोळा, कान, अवयव किंवा सांधा कायमचा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे उघडच आहेत. वाद होतो तो शेवटच्या दोन प्रकारांवर. हाड किंवा दात मोडणे किंवा निखळणे हा सातवा. म्हणून नाकाच्या हाडाला गेलेला बारीक तडा किंवा पडलेला एक दातही प्रकरण वरच्या कलमात नेऊ शकतो. आठवा म्हणजे जिवाला धोका, किंवा 15 दिवस तीव्र वेदना किंवा नित्याची कामे करता न येणे (पूर्वी 20 दिवस). नुसते 15 दिवस रुग्णालयात दाखल राहणे याला पुरत नाही, आणि बरीच प्रकरणे इथेच ढासळतात. शिवाय जबर दुखापत घडली एवढ्यावर भागत नाही. तशी घडवण्याचा उद्देश किंवा तशी शक्यता असल्याची जाणीवही लागते. थप्पड खाऊन माणूस पडला आणि मनगट मोडले, तर बचाव पक्ष याच मुद्द्यावर बोट ठेवतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड (कलम 117).

हत्याराने चित्र पालटते. गोळी, सुरी, धारदार वस्तू, विस्तव, विष, किंवा हत्यार म्हणून वापरल्यास जीव जाऊ शकेल अशी वस्तू वापरून साधी दुखापत केली तरी कलम 118(1), तीन वर्षांपर्यंत कैद. जबर दुखापत केली तर 118(2): एक ते दहा वर्षे किंवा जन्मठेप. माणसाचे दात हे असे हत्यार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये म्हटले.

फिर्यादीला खरा फरक कळतो तो ठाण्यात. 115(2) अदखलपात्र आहे: ठाणे अंमलदार ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. एनसीची पावती हाती पडली म्हणजे गुन्हा दाखल झाला असे समजून बसणे ही नेहमीची चूक आहे. न्यायालयाने या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्ष. ती अशीच निघून जाते. मात्र त्याच घटनेत एक जरी दखलपात्र गुन्हा असेल, तर सगळ्याचाच तपास पोलीस करू शकतात. 115(2) मध्ये जखमी व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीविना तडजोड करू शकते. 118(1) तडजोडपात्र नाही, त्यामुळे समेट झाला तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय गाठावे लागते.

पुराव्यात पहिला दिवस मोलाचा. मुका मार काही दिवसांत निवळतो, म्हणून वैद्यकीय तपासणी लगेच हवी. इजा प्रमाणपत्रात प्रत्येक जखमेचा प्रकार (खरचट, मुका मार, फाटीव, कापीव), सेंटिमीटरमध्ये मोजमाप, नेमकी जागा, ती किती जुनी याचा अंदाज आणि कशाने झाली असावी हे लागते. फिर्यादीत कोयता आणि प्रमाणपत्रात फाटीव (बोथट वस्तूने होणारी) जखम, असा मेळ चुकला की उलटतपासणीचा अर्धा वेळ त्यावरच जातो. अस्थिभंग असेल तर एक्स-रेची मूळ प्लेट आणि तो वाचणारा डॉक्टर साक्षीला हवा. नुसत्या शेऱ्यावर जबर दुखापत शाबीत करणे अवघड. दोन्ही बाजू जखमी असतील तर एकमेकांविरुद्ध फिर्यादी होतात, आणि आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर खासगी बचावाच्या हक्काला (कलम 34 ते 44) वाव मिळतो.