ईलच्या पिल्लांचा अटलांटिक प्रवास: सात महिने की दोन वर्षं?

1904 मध्ये फेरो बेटांजवळ, खुल्या अटलांटिकमध्ये, युरोपीय ईलची (सापासारख्या लांब माशाची) पानासारखी चपटी, पारदर्शक अळी पहिल्यांदा हाती लागली. पश्चिमेला जावं तशा अळ्या लहान मिळत गेल्या आणि 1920-22 च्या सफरींनी पश्चिम अटलांटिकमधला सरगॅसो समुद्र हे त्यांचं जन्मस्थान ठरवलं. मापांचे तीन गट पडत होते: साधारण 25, 52 आणि 75 मिमी. हे तीन उन्हाळे धरून प्रवास अडीच-तीन वर्षांचा ठरला.

खरा गोंधळ 1990 च्या दशकात झाला. युरोपच्या किनाऱ्यावर आलेल्या काचईलच्या, म्हणजे अळीपासून बदललेल्या पारदर्शक पिल्लाच्या, कानातला सूक्ष्म खडा, म्हणजे ओटोलिथ, काढून राळेत बसवायचा, मध्यापर्यंत घासायचा, कडा उठून दिसाव्यात म्हणून रसायनाने हलका खरवडायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिवसागणिक पडणारी वलयं मोजायची. उत्तर आलं सात ते नऊ महिने.

पण हिशेब करून पाहा. अंतर सहा हजार किलोमीटर धरलं, तर सात महिन्यांत पोचायला सेकंदाला सरासरी 33 सेंमी वेग एकदाही न थांबता लागतो. गल्फ स्ट्रीमच्या मुख्य धारेत तो मिळतो. न्यूफाउंडलंड ओलांडल्यावर धार फाटते, भोवरे सुटतात, पाणी मंदावतं. शिवाय अळ्या रात्री वर असल्या तरी दिवसा खोल, संथ पाण्यात उतरतात. संगणकावरच्या प्रवाहांच्या प्रतिकृतीत अळ्यांऐवजी सोडलेले बहुतेक काल्पनिक कण दीड-दोन वर्षं घेतात. वलयंच कमी पडत असावीत, हे स्पष्टीकरण जास्त पटतं: थंड पाण्यात वाढ थांबली की वलय उमटत नाही, आणि अळीची काचईल होताना खड्याच्या कडेची नोंद पुसट होते.

या आकड्यावर बरंच अवलंबून आहे. 1980 नंतर काचईलची आवक कोसळली. उत्तर समुद्रात ती 1960-79 च्या तुलनेत एक-दोन टक्क्यांवर आली. दोष प्रवाहांच्या बदलाला द्यायचा, तर आजची पिल्लं कोणत्या वसंतात जन्मलेली हे आधी ठरायला हवं. ते न ठरवताच समुद्राकडे बोट दाखवलं गेलं, आणि ईल जिथे वाढतात त्या नद्यांवरची धरणं, टर्बाइन, बेसुमार मासेमारी यांची चर्चा मागे पडली. 2007 च्या युरोपीय नियमाने निदान जमिनीवरचं लक्ष्य ठरवलं: मानवी हस्तक्षेप नसता तर अंडी घालायला समुद्राकडे गेले असते त्यांपैकी किमान 40 टक्के प्रौढ ईल, वजनाच्या हिशेबाने, सुटले पाहिजेत. 2010 पासून युरोपीय संघाबाहेरची निर्यातही बंद झाली.

जपानी ईलची अंडी 2009 मध्ये मारियाना बेटांच्या पश्चिमेला मिळाली, त्यामुळे तिथे प्रवासाची सुरुवात पक्की आहे. सरगॅसोत आजवर एकही अंडं सापडलेलं नाही. म्हणून कण कोणत्या चौकोनात, किती खोलीवर आणि कोणत्या महिन्यात सोडायचे हे प्रत्येक गट आपापलं ठरवतो, आणि उत्तरातले महिने त्यानुसार हलतात.