काट्यामागचे सहा ओम

माझ्या जुन्या व्हॅनच्या मूळ मीटरवर आकडेच नव्हते. एका टोकाला गार, दुसऱ्या टोकाला गरम, एवढंच. म्हणून मी डॅशबोर्डखाली वेगळं तापमान गेज बसवलं, ४० ते १२० अंशांच्या खुणा असलेलं. एका लांब चढावर काटा १०२ वर आला. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला. (चकचकीत धातूवर हा थर्मामीटर चुकतो, म्हणून तिथे आधीच काळ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता.) आकडा आला १०८. बाहेरचा धातू आतल्या कूलंटपेक्षा थोडा गारच असतो, म्हणजे आत त्याहूनही जास्त. "गेज बोगस आहे, बदलून टाका," असा सल्ला लगेच मिळाला. पण गेज ठणठणीत होतं.

मुळात गेजला तापमान कळतच नाही. त्याला कळतो तो रोध, म्हणजे ओम. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आट्यांनी बसवलेला पितळी सेंडर, म्हणजे गेजला तापमान कळवणारा भाग, असतो आणि त्याच्या पोटात एक छोटी चकती. मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडची भुकटी दाबून भट्टीत भाजली की ही चकती तयार होते. तिला थर्मिस्टर म्हणतात, आणि माझा जीव या चकतीवर आहे.

तांब्याची तार तापवली तर तिचा रोध वाढतो, हे आपण शाळेत शिकलो. तारेत मुक्त इलेक्ट्रॉन भरपूर असतात. तापल्यावर अणू जास्त थरथरतात आणि त्यांची वाट अडवतात. थर्मिस्टरमध्ये नेमकं उलटं घडतं. तिथे इलेक्ट्रॉन आपापल्या आयनाशी अडकलेले असतात आणि शेजारच्या आयनावर उडी मारायला त्यांना ऊर्जेचा धक्का लागतो. उष्णता तो धक्का देते. जितकं तापमान जास्त तितक्या उड्या जास्त, आणि रोध कमी. तापवल्यावर रोध घटतो हे मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर पाहिलं होतं. अर्धवाहक (सेमीकंडक्टर) ही कल्पनाही तेव्हा जन्मली नव्हती.

ही घट सरळ रेषेत होत नाही. रोधाचा लॉगरिदम घेतला तर तो निरपेक्ष (केल्विनमध्ये मोजलेल्या) तापमानाच्या व्यस्ताबरोबर जवळपास सरळ रेषेत चालतो, आणि त्या रेषेचा चढ साधारण ३५०० केल्विन धरता येतो. आकड्यांत मांडलं की यातली गंमत दिसते. २५ वरून ९० अंशांवर जाताना तांब्याचा रोध जेमतेम पाव हिश्श्याने वाढतो. थर्मिस्टरचा रोध मात्र घसरून आठव्या हिश्श्यावर येतो. एवढा मोठा फरक असल्यामुळेच साध्या गुंडाळ्यांचं गेज कुठल्याही इलेक्ट्रॉनिक मदतीशिवाय काटा हलवू शकतं.

आता माझी व्हॅन. समजा ९० अंशांना सेंडर ५० ओमचा आहे. गेजमधून येणारी एकच वायर सेंडरच्या टोकाला लागते. परतीची वाट म्हणजे सेंडरचे आटे, मग ब्लॉक, मग अर्थिंगची पट्टी आणि शेवटी बॅटरीचं ऋण टोक. या वाटेत गंज, रंग किंवा टेफ्लॉन टेप आला आणि ६ ओमची भर पडली, तर गेजला ५६ ओम दिसतात. रोध जास्त म्हणजे तापमान कमी, असं ते समजतं आणि ९० ऐवजी ८६ दाखवतं. इंजिन थंड असताना तोच सेंडर सुमारे ४०० ओमचा असतो. त्यात ६ ओम मिळवले तर अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. पण खरं तापमान ११० झालं की सेंडर ३० ओमवर उतरलेला असतो. आता तेच ६ ओम सात-आठ अंश गिळतात आणि काटा १०२-१०३ वर थांबतो. चूक तीच, ६ ओमची. सकाळी ती सापडत नाही आणि इंजिन धोक्याच्या जवळ गेलं की सर्वांत मोठी होते.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. इग्निशन बंद करून सेंडरच्या पितळी अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा रोध मोजायचा. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करायचा. उरलेला आकडा एक ओमच्या आत हवा. माझ्याकडे तो ६.३ आला. सेंडर काढला तर आट्यांवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे चार वेढे, माझ्याच हातचे.

गेज आणि वायर ठीक आहेत का हे पाहणं आणखी सोपं. सेंडरची वायर काढली की बहुतेक साध्या गेजचा काटा पार गार टोकाला जातो. तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवली की पार गरम टोकाला. दोन्ही झालं तर गेजवर संशय नको. हेडलाइट लावताच काटा वर सरकत असेल तर बहुधा गेजची स्वतःची अर्थ वायर सैल आहे. दुसऱ्याच गेजचा सेंडर लावला असेल तर ओम आणि अंश यांचं गणितच जुळत नाही. आणि सेंडरभोवती हवेचा बुडबुडा असेल किंवा कूलंट खाली गेलं असेल, तर तापलेल्या इंजिनातही काटा निवांत बसलेला दिसतो. हे सगळ्यांत वाईट.

थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन गार राहील, हा सल्लाही फार फिरतो. त्यात तथ्य नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडू लागतो. चढावर तो तसाही उघडाच असतो, त्यामुळे तिथे तो काढून काहीच मिळत नाही. सपाट रस्त्यावर मात्र इंजिन गरजेपेक्षा थंड राहतं, इंधन जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात.

टेप काढून आटे तारेच्या ब्रशने साफ केले, तांब्याचा वॉशर घातला, रोध ०.३ ओमवर आला. त्याच चढावर काटा या वेळी ११० वर गेला. लगेच थांबलो, इंजिन बंद केलं आणि थोडं निवल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून हाताच्या मागच्या बाजूने अंदाज घेतला. वरचा भाग चटका देत होता. खालून चार बोटं रुंदीचा एक पट्टा मात्र कोमटही नव्हता. तिथल्या नळ्या आतून चोंदलेल्या होत्या.