जीटीए मालिकेतील तीन विश्वे

'ग्रँड थेफ्ट ऑटो' ऊर्फ जीटीए या व्हिडिओ गेम मालिकेतील खेळांची चाहत्यांमध्ये रूढ असलेली विभागणी. टूडी विश्व, थ्रीडी विश्व आणि एचडी विश्व असे तिचे तीन भाग मानले जातात. १९९७ पासून चाललेल्या या मालिकेत लिबर्टी सिटी, व्हाइस सिटी ही शहरांची नावे पुन्हा पुन्हा येतात, पण त्या नावाखालचे शहर दर वेळी तेच असते असे नाही. म्हणून कोणता खेळ कोणाच्या आधीचा, कोणते पात्र कोणाला ओळखते, मागच्या खेळात मेलेला माणूस इथेही मेलेलाच धरायचा का, याचा हिशेब लावताना ही विभागणी उपयोगी पडते. तिन्ही नावे चित्रणाच्या तंत्रावरून पडली आहेत. विभागणीचा निकष मात्र कथेची सलगता हा आहे. एवढे ध्यानात ठेवले नाही तर मालिकेतील दोन खेळ हमखास चुकीच्या कप्प्यात जातात.

दीर्घकाळ चाललेल्या गेम मालिकांचे कालखंड चाहते नेहमीच पाडत आले आहेत. 'पोकेमॉन'च्या पिढ्या नवा प्रदेश आणि नवे पोकेमॉन आले की बदलतात, त्यात वादाला फारशी जागा नसते. 'झेल्डा'च्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे आपापल्या कालरेषा मांडल्या. अखेर २०११ मध्ये निन्टेन्डोने अधिकृत कालरेषा प्रसिद्ध केली आणि 'ऑकरिना ऑफ टाइम'नंतर तिला तीन फाटे फोडले. जीटीएत चाहत्यांनी खेळांमधील धाग्यादोऱ्यांवरून गट पाडले, आणि निर्मात्यांनी त्याच वर्षी जेमतेम एका उत्तरात त्यांना दुजोरा दिला. ते उत्तर पुढे येईलच.

टूडी विश्व सर्वांत लहान आणि सर्वांत विस्कळीत. स्कॉटलंडमधील डंडी येथील डीएमए डिझाइन या कंपनीत 'रेस अँड चेस' नावाने सुरू झालेला खेळ १९९७ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' म्हणून बाजारात आला. त्यात रस्ता थेट वरून दिसतो, माणसे ठिपक्यांएवढी असतात आणि लिबर्टी सिटी, सॅन अँड्रियास व व्हाइस सिटी ही तीन शहरे असतात. पुढे राज्य म्हणून प्रसिद्ध झालेले सॅन अँड्रियास इथे नुसते एक शहर आहे. १९९९ मध्ये लंडनवर बेतलेली दोन विस्तारपॅक आली, एक १९६९ सालचे आणि दुसरे १९६१ सालचे. त्याच वर्षी 'जीटीए २' आला. त्याचे शहर 'एनीव्हेअर सिटी' आणि काळ नजीकच्या भविष्यातला, पण संदिग्ध. या खेळांना एकमेकांशी बांधणारी कथा जवळजवळ नाहीच. चाहते त्यांना एका गटात ठेवतात ते मुख्यतः नंतरच्या खेळांत ते बसत नाहीत म्हणून. मालिकेचा पाया म्हणून त्यांचे मोल मोठे आहे, पण विश्व म्हणण्याजोगी वीण त्यांत नाही.

ती वीण थ्रीडी विश्वात आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'जीटीए ३' आला. त्यापाठोपाठ 'व्हाइस सिटी' (२००२), 'सॅन अँड्रियास' आणि 'अ‍ॅडव्हान्स' (दोन्ही २००४), 'लिबर्टी सिटी स्टोरीज' (२००५) आणि 'व्हाइस सिटी स्टोरीज' (२००६) हे खेळ आले. कथाकाळाच्या क्रमाने लावले तर 'व्हाइस सिटी स्टोरीज' १९८४ मध्ये घडतो, 'व्हाइस सिटी' १९८६ मध्ये, 'सॅन अँड्रियास' मुख्यतः १९९२ मध्ये, 'लिबर्टी सिटी स्टोरीज' १९९८ मध्ये, आणि 'अ‍ॅडव्हान्स' तिसऱ्या खेळाच्या सुमारे वर्षभर आधी. म्हणजे सर्वांत आधी बनलेला 'जीटीए ३' कथेत सर्वांत शेवटी येतो आणि नंतरचा प्रत्येक खेळ त्याचा भूतकाळ भरत जातो. पाच वर्षांत हे सारे मागे मागे सरकत रचले गेले, आणि तरीही त्यातील बारकावे जुळतात. चाहत्यांना या विश्वाची ओढ वाटते ती यामुळेच.

फिल कॅसिडी हे त्याचे बोलके उदाहरण. 'जीटीए ३' मध्ये हा शस्त्रविक्रेता एकाच हाताचा आहे. दुसरा हात कसा गेला ते १९८६ सालच्या 'व्हाइस सिटी'त प्रत्यक्ष पाहायला मिळते: स्वतः गाळलेल्या हातभट्टीच्या दारूचा स्फोट होतो आणि खेळणाऱ्यालाच त्याला गाडीत घालून इस्पितळाकडे पळावे लागते. तीच गोष्ट शहराच्या नकाशाची. 'लिबर्टी सिटी स्टोरीज'मध्ये नायक टोनी सिप्रियानी डोनाल्ड लव्ह या उद्योगपतीच्या सांगण्यावरून फोर्ट स्टॉन्टन हा भाग उडवून देतो. तीन वर्षांनंतरच्या 'जीटीए ३' मध्ये त्याच जागी बांधकाम चाललेले दिसते. २००१ मध्ये त्या रिकाम्या जागेतून गाडी नेणाऱ्याला तिच्यामागे काही कथा असेल असे वाटण्याचे कारणच नव्हते. 'सॅन अँड्रियास'मध्ये कॅटलिना ही मैत्रीण त्या खेळाच्या नायकाला, सीजेला, सोडून एका अबोल तरुणाबरोबर लिबर्टी सिटीला निघून जाते. हा तरुण म्हणजे तिसऱ्या खेळाचा नायक. त्या खेळात त्याचे नाव कोणीही घेत नाही. क्लॉड हे नाव 'सॅन अँड्रियास'मध्ये कॅटलिनाच्या तोंडून कळते. आणि व्हिक्टर व्हान्स 'व्हाइस सिटी'च्या सुरुवातीलाच मारला जातो, तरी चार वर्षांनी त्याला नायक करून त्याचा आधीचा काळ सांगितला गेला. शेवट ठाऊक असूनही त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जावेसे वाटते, हे त्या खेळाचे मोठे यश.

एचडी विश्व २९ एप्रिल २००८ रोजी 'जीटीए ४' पासून सुरू होते. शहर पुन्हा लिबर्टी सिटीच, पण पोर्टलंड, स्टॉन्टन आयलंड, शोरसाइड व्हेल ही जुनी बेटे गायब आणि त्यांच्या जागी ब्रोकर, ड्यूक्स, बोहान, अल्गॉन्क्विन आणि नदीपलीकडचे अल्डर्नी. जुने एकही मुख्य पात्र नाही. त्यामुळे खेळ येताच 'थ्री'चा काळ आणि 'फोर'चा काळ असा भेद चाहत्यांनी लगेच केला. विश्व हा शब्द त्यानंतर रुळला. या विश्वाची बांधणी वेगळी आहे. मुख्य खेळांतील काळ प्रकाशनाच्या वर्षाबरोबर पुढे सरकतो: 'जीटीए ४' ची कथा २००८ ची, 'जीटीए ५' ची २०१३ ची. शिवाय कथा एकमेकींना समांतर धावतात. २००९ च्या 'द लॉस्ट अँड डॅम्ड' आणि 'द बॅलड ऑफ गे टोनी' या दोन विस्तारभागांचे नायक मूळ खेळातील निको बेलिकच्या वाटेत येऊन गेलेलेच असतात. संग्रहालयातला हिऱ्यांचा सौदा तिन्ही ठिकाणी येतो. निको आणि पहिल्या विस्तारभागाचा नायक जॉनी हिरे विकायला आलेले असतात, दुसऱ्याचा नायक लुईस मध्ये घुसून सौदा उधळतो, आणि खेळणाऱ्याला तो प्रसंग तीन जोडी डोळ्यांनी पाहायला मिळतो. 'जीटीए ५' मध्ये ट्रेव्हर हा नायकांपैकी एक आल्या आल्या याच जॉनीला ठार मारतो. जुन्या खेळणाऱ्यांना ते फार लागले, आणि लागले याचा अर्थच हा की दोन्ही खेळ एकाच जगातले आहेत, हे त्यांनी मनोमन धरलेले होते.

चुकीच्या कप्प्यात जाणारे दोन खेळ म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स' आणि २००९ चा 'चायनाटाउन वॉर्स'. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा पहिला खेळ पूर्णपणे वरून दिसणारा, म्हणजे दिसायला थेट १९९७ चा. पण त्यात 'जीटीए ३' मधला एट-बॉल भेटतो आणि शहरही त्याच खेळाचे आहे. म्हणून तो थ्रीडी विश्वात जातो. निन्टेन्डो डीएससाठी बनलेल्या 'चायनाटाउन वॉर्स'मध्येही कॅमेरा उंचावर आहे आणि चित्रे साधी आहेत, पण अल्डर्नी वगळता शहर 'जीटीए ४' चे आहे. म्हणून तो एचडी विश्वात. उलट २०२१ मध्ये थ्रीडी विश्वातले तीन मुख्य खेळ अनरियल इंजिनवर नव्याने रंगरूप देऊन एकत्र विकले गेले, तरी त्यांना कोणी एचडी विश्वात हलवले नाही. या तीन उदाहरणांनंतर ही विभागणी ग्राफिक्सची आहे असे म्हणता येत नाही.

निर्मात्या रॉकस्टार गेम्सचे उत्तर २०११ चे, 'जीटीए ३' ला दहा वर्षे झाल्याच्या निमित्ताने चाहत्यांच्या प्रश्नांना दिलेले. त्याचा मथितार्थ असा: तीन विश्वे म्हणजे निरनिराळ्या स्पष्टतेत रंगवलेली जगे, ब्रँड, रेडिओवरची आणि पार्श्वभूमीतली पात्रे त्यांत सामाईक असू शकतात, पण त्रिमितीत उभी राहिलेली पात्रे एका विश्वातून दुसऱ्यात जात नाहीत. त्यामुळे स्प्रंक हे शीतपेय, क्लकिन बेलची कोंबडी आणि अम्यु-नेशनची दुकाने सगळीकडे चालतात, पण 'व्हाइस सिटी'चा नायक टॉमी व्हर्सेटी 'जीटीए ५' च्या जगात होऊन गेला असे म्हणता येत नाही. नियम सुटसुटीत आहे, पण लॅझलोने तो अडचणीत आणला. थ्रीडी विश्वात रेडिओवर नुसता ऐकू येणारा हा निवेदक 'जीटीए ५' मध्ये हाडामासाचा होऊन समोर उभा राहतो. बहुतेक चाहते त्याला मूळचा रेडिओवरचा म्हणून सूट देतात. ती तडजोड आहे, पण तिच्याहून बरी वाट अजून कोणी दाखवलेली नाही.

ही विभागणी कथा पुरी करणाऱ्यांची आहे, आणि सगळेच खेळणारे कथा पुरी करत नाहीत. महाराष्ट्रात २००० च्या दशकात जीटीए म्हणजे सायबर कॅफेतल्या किंवा घरच्या साध्या कॉम्प्युटरवरची 'व्हाइस सिटी' असे समीकरण होते. मिशन करण्यापेक्षा 'पँझर' टाइप करून रणगाडा मागवायचा, चांदण्या वाढल्या की 'लीव्ह मी अलोन' टाइप करून पोलिसांना घालवायचे आणि शेजारच्याने खुर्ची मागेपर्यंत भटकायचे, यातच मजा होती. टॉमीचे पुढे काय झाले हे असे खेळणाऱ्यांतल्या अनेकांनी पाहिलेलेच नाही. डिसेंबर २००८ मध्ये पीसीवर आलेला 'जीटीए ४' चालवायला तगडे मशीन लागे, म्हणून पुष्कळ जण 'सॅन अँड्रियास'वरून थेट 'जीटीए ५' वर गेले; मे २०२० मध्ये एपिक गेम्सच्या स्टोअरवर तो काही दिवस फुकट मिळाला तेव्हा आणखी कितीतरी. अशांच्या लेखी मालिकेचे कालखंड आपल्या पीसीला झेपणारे खेळ आणि न झेपणारे खेळ असे पडतात. त्या विभागणीत 'जीटीए ४' ची जागाच रिकामी राहते. थ्रीडीकडून एचडीकडे जाताना मालिका कुठे तुटली हे तोच खेळ सांगतो, त्यामुळे तो राहून गेलेल्यांना 'जीटीए ५' मध्ये सीजे का नाही हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये 'जीटीए ६' चा पहिला ट्रेलर आला तेव्हा कोणता खेळ कोणत्या विश्वातला हा वाद पुन्हा पेटला. लिओनायडा नावाचे नवे राज्य, त्यात नव्याने उभारलेली व्हाइस सिटी, आणि जेसन व लुसिया ही नवी जोडी. आधी २०२५ साठी जाहीर झालेले प्रकाशन एकापेक्षा अधिक वेळा पुढे गेले. एचडी विश्वातल्या मुख्य खेळांत व्हाइस सिटीत पाऊल ठेवता येत नव्हते, त्यामुळे नकाशावरून तरी विरोध उभा राहत नाही, आणि बहुतेक चाहते हा खेळ त्याच विश्वाचा पुढचा भाग धरतात. चौथे विश्व मानणाऱ्यांचा आधार म्हणजे दोन खेळांमधले दहा वर्षांहून मोठे अंतर. पण 'अ‍ॅडव्हान्स' आणि 'चायनाटाउन वॉर्स' यांचा निवाडा ज्या कसोटीने झाला तीच इथे लावायची, तर काळाचे अंतर आणि चित्रांची झळाळी दोन्ही गैरलागू ठरतात. 'जीटीए ५' च्या लॉस सँटोस शहरातला एखादा ओळखीचा माणूस लिओनायडात भेटतो का, एवढेच पाहावे लागते.