वाहनतळाचे मजले आणि छोटे विमानतळ: एक पार्श्वभूमी

विमान पकडायला निघालेल्या माणसाला वाहनतळात ज्या गोष्टींचा जाच होतो, त्या सहसा योगायोगाने आलेल्या नसतात. डोक्यावर टेकल्यासारखे वाटणारे छत, अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचा घोळ, गाडी नेमकी कुठे लावली ते न आठवणे, बाहेर पडताना फाटकाशी लागणारी रांग, टर्मिनलपासून लांब गेलेला तळ: यातल्या प्रत्येकामागे कुठल्या तरी काळी घेतलेला निर्णय आहे आणि त्या काळाच्या हिशोबाने तो बहुधा बरोबर होता. बहुमजली वाहनतळ मुळात गाड्यांसाठी आणि त्या लावणाऱ्या पगारी माणसांसाठी बांधला गेला. हातात बॅगा घेऊन चालणारा प्रवासी त्यात पुढे कित्येक वर्षांनी शिरला.

लंडनमध्ये पिकॅडिली सर्कसजवळच्या डेनमन स्ट्रीटवर १९०१ साली सिटी अँड सबर्बन इलेक्ट्रिक कॅरेज कंपनीने सात मजली गॅरेज सुरू केले. अशा इमारतींत ते सर्वांत जुने मानले जाते. तिथे रॅम्प नव्हता, गाड्या विजेच्या लिफ्टने वर जात. पॅरिसमध्ये ऑग्युस्त पेरे यांनी र्‍यू द पाँतिय वर काँक्रीटचे गॅरेज बांधले, त्यातही गाड्या लिफ्टनेच चढत. त्या वेळच्या मोटारींच्या लाकडी, कातडी बांधणीला ऊन-पाऊस सोसत नसे, म्हणून इमारत बंदिस्त असायची. मालक दाराशी गाडी सोडून निघून जायचा. पुढचे सगळे, म्हणजे वर नेणे, चिकटून लावणे, मागची गाडी हवी असेल तर पुढची हलवणे, हे गॅरेजमधल्या नोकरांचे काम.

लिफ्टची अडचण गर्दीच्या वेळी दिसायची. एक गाडी वर नेऊन लिफ्ट रिकामी खाली यायला दोन मिनिटे धरली, तर एका लिफ्टमधून तासाला तीसच गाड्या जातात. नाटक सुटल्यावर शंभर मालक एकदम आले की शेवटच्याला तीन तास ताटकळावे लागणार. १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये केंट कंपनीची यांत्रिक गॅरेजे आली, १९५० च्या दशकात आणखी काही पद्धती आल्या, पण सगळ्यांची कोंडी इथेच झाली. त्यात यंत्र बंद पडले की सगळ्याच गाड्या वर अडकून पडत.

रॅम्पने हे बदलले. शिकागोच्या ला साल हॉटेलने १९१८ मध्ये आपल्या पाहुण्यांसाठी रॅम्पचे पाच मजली गॅरेज बांधले. प्रवासी आणि वाहनतळ यांचा संबंध इथपासूनच दिसतो. ती इमारत २००५ पर्यंत उभी होती. पण रॅम्प जागा खातो. त्यावर फर्नांड द्यूमी यांनी उपाय काढला: इमारतीचे दोन भाग करायचे, एका भागाचे मजले दुसऱ्यापेक्षा अर्ध्या मजल्याने वर ठेवायचे आणि मधे छोटे चढ द्यायचे. प्रत्येक चढ अर्धीच उंची गाठत असल्याने त्याची लांबीही निम्म्यावर आली. १९२० च्या दशकात ही रचना झपाट्याने पसरली. आजही '३अ' आणि '३ब' अशा पाट्या असलेल्या वाहनतळात माणसाला आपण कितव्या मजल्यावर आहोत ते कळेनासे होते, ते या रचनेमुळे. नोकराला ती इमारत रोजच्या सवयीने पाठ असे. वर्षातून एकदा येणाऱ्याला ती कशी पाठ असेल?

व्हेनिसचे उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे. १९३३ मध्ये शहराला जमिनीशी जोडणारा मोटाररस्त्याचा पूल झाला आणि १९३४ मध्ये त्याच्या टोकाशी, पियात्साले रोमा इथे, एउजेनियो मिओत्सी यांच्या आराखड्याचे प्रचंड गॅरेज उघडले. पुढे गाडी जाऊच शकत नाही, म्हणून इथे ती सोडायची आणि होडीने किंवा पायी निघायचे. प्रवासाचे साधन बदलण्याचे ठिकाण म्हणून वाहनतळ बांधण्याची कल्पना इथे स्पष्ट आकाराला आली. पुढे विमानतळांनी तीच उचलली.

मोटारी पत्र्याच्या झाल्यावर भिंतींची गरज उरली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत उघड्या बाजूंची गॅरेजे येऊ लागली. भिंत नाही, हीटर नाही, धूर बाहेर नेणारे पंखे नाहीत, त्यामुळे खर्च कितीतरी कमी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी वाढली, तेव्हा नोकरही गेले आणि मालकाने स्वतःच गाडी लावायची पद्धत रूढ झाली. एकेका गाडीमागे लागणारी जागा तिथे वाढली. गाडीचा चौकोन २.४ बाय ४.८ मीटरचा, म्हणजे साडेअकरा चौरस मीटर. पण प्रत्येक गाडी दुसरी न हलवता बाहेर काढता यायची असेल, तर समोर सहा मीटरची वाट हवी. रॅम्प, जिने, खांब धरून हिशोब गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटरवर जातो.

छत ठेंगणे का, याचे उत्तरही इथेच आहे. प्रवाशाला वाटते की दोन वितींनी उंची वाढवली असती तर काय बिघडले असते. पण दहास एक या उताराच्या रॅम्पवर मजल्याची उंची ३० सेंटिमीटरने वाढली, तर रॅम्प तीन मीटरने लांबतो, तोही प्रत्येक मजल्यावर. म्हणून मोकळी उंची साधारण २.१ मीटरवर स्थिरावली. टपावर सामानाची पेटी बांधलेली उंच गाडी इथेच अडकते. शिवाय फाटकावरच्या पाटीवरची उंची सपाट जमिनीवरची असते. रॅम्प जिथे सपाटीला मिळतो त्या खोलगट वळणात लांब गाडीची पुढची-मागची चाके चढावर आणि मधला टप वर, असे होते आणि प्रत्यक्ष मोकळी जागा पाटीपेक्षा काही सेंटिमीटरने कमी भरते. वरच्या टोकाला उलट घडते, तिथे गाडीचे पोट घासते. उतारातला फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर दोन्ही टोकांना निम्म्या उताराचा तीन-चार मीटरचा पट्टा द्यायचा, हा त्यावरचा ठरलेला इलाज. जुन्या इमारतींत तो पट्टा नाही, हे रॅम्पच्या माथ्यावरचे ओरखडे बघून कळते.

गाडी हरवण्याचा प्रश्न विमानतळांनीच ऐरणीवर आणला, कारण दुकानात गेलेला माणूस दोन तासांत परततो, विमानाने गेलेला आठवड्याने. नुसते आकडे लक्षात राहत नाहीत. शिकागोच्या ओहेअर विमानतळाच्या गॅरेजमध्ये प्रत्येक मजल्याला शहरातल्या एका क्रीडासंघाचे नाव आणि रंग दिला गेला. रंग, चित्र आणि आकडा तिन्ही एकत्र, तेही लिफ्टच्या दाराशी, हीच पद्धत काम करते. फक्त खांबावर रंगवलेले अक्षर शेजारी उंच गाडी उभी राहिली की दिसत नाही. मोकळ्या जागा किती हे रस्त्यावरच सांगणारे फलक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या आखेन शहरात आले. प्रत्येक जागेवर सेन्सर आणि हिरवा-लाल दिवा ही पुढची पायरी, बाल्टिमोर-वॉशिंग्टन विमानतळाने २००१ च्या सुमारास ती आणली.

आता फाटकाकडे. तिकीट देणाऱ्या यंत्रासमोर जमिनीत खाच पाडून तारेचे काही वेढे पुरलेले असतात. धातूची गाडी वर आली की त्या वेढ्याचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि यंत्र जागे होते. दुसरा वेढा आडव्या दांड्याखाली असतो. गाडी त्यावर आहे तोवर दांडा खाली येत नाही आणि ती पुढे सरकली की एक गाडी मोजली जाते. मोटारसायकलमध्ये धातू कमी आणि चाके अरुंद, त्यामुळे वेढ्याच्या मधोमध उभे राहिल्यास यंत्राला ती कळतच नाही. खाचेच्या कडेवर चाके ठेवली तर बऱ्याचदा काम होते. डांबर तडकले की तार तुटते. पाणी शिरले तर यंत्र कधी भुताटकीने तिकीट देते, कधी देतच नाही.

सर्वांत त्रासदायक दोष मोजणीतला. दोन गाड्या एकमेकींना चिकटून आत गेल्या की वेढ्याला एकच लांब गाडी दिसते. कुणी फाटकाशी येऊन मागे फिरले की उलटी चूक होते. आठवडाभरात अशा चुका साचतात आणि वरच्या मजल्यावर जागा असूनही बाहेर 'फुल्ल' झळकते, किंवा जागा नसताना गाड्या आत सोडल्या जातात. म्हणून चांगले चालवलेले तळ रात्री माणूस पाठवून गाड्या मोजतात आणि आकडा दुरुस्त करतात. जिथे हे होत नाही तिथल्या फलकावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. तसेही ९०-९५ टक्के भरलेला तळ चालकाच्या दृष्टीने भरलेलाच असतो. उरलेल्या जागा आहेत कुठे, हे शोधण्यात वेळ जातो.

तिकिटांचाही इतिहास आहे. चुंबकीय पट्टीची तिकिटे पर्सच्या चुंबकाच्या बटणाने पुसली जात. त्यानंतरची उष्णतेने छापलेली बारकोडची तिकिटे उन्हात काळी पडतात. काचेखाली डॅशबोर्डवर आठवडाभर ठेवलेले तिकीट परतल्यावर यंत्राला वाचता येत नाही, ते याच कारणाने. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे ब्रिटनच्या पोलीस संशोधन विभागात १९७६ मध्ये विकसित झाले आणि वाहनतळांत फार उशिरा पोहोचले. चिखलाने भरलेली पाटी आणि सारखी दिसणारी अक्षरे ही त्यांची दुखरी जागा. पैसे कुठे भरायचे, यातला बदल मात्र मोठा होता. खिडकीतल्या माणसाला एका गाडीमागे वीस सेकंद लागले तर तासाला १८० गाड्या सुटतात. पैसे आधीच चालत जाऊन यंत्रात भरले असतील तर फाटकावर दहा सेकंद पुरतात आणि तेवढ्याच मार्गावरून ३६० गाड्या जातात.

छोट्या प्रादेशिक विमानतळावर हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. मोठ्या विमानतळावर दिवसभर विमाने उतरत असतात. छोट्यावर पहाटे दोन-तीन सुटतात, रात्री दोन-तीन येतात. म्हणजे तळावर दिवसभर सामसूम आणि रात्री एका विमानातली शंभर माणसे पंधरा मिनिटांत गाडीशी. अशा ठिकाणी जागा पुरेशा असूनही बाहेर पडायचा एकच मार्ग असल्याने रांग लागते.

या विमानतळांची सुरुवात साधी होती: धावपट्टी, छोटी इमारत आणि दारासमोर डांबराचे किंवा खडीचे मैदान. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमान कंपन्यांवरचे मार्गांचे आणि भाड्याचे निर्बंध उठले. कंपन्या एका मोठ्या केंद्रात प्रवासी गोळा करून पुढे पाठवू लागल्या आणि छोटे विमानतळ त्या केंद्रांना जोडणाऱ्या फांद्या झाले. १९९२ पासून पन्नास आसनी जेट विमाने आली, तेव्हा फेऱ्या वाढल्या. मैदान भरू लागले, त्याचे तास, दिवस आणि आठवडे अशा दरांत तुकडे पडले. जवळची महाग, लांबची स्वस्त आणि मधे बस. लांबच्या तळाचा हिशोब करताना बसचे अंतर नव्हे, दोन बसमधला वेळ धरावा लागतो. चालत पंधरा मिनिटांची वाट असेल, बस वीस मिनिटांनी असेल आणि आधीची नुकतीच सुटली असेल, तर हलक्या सामानाचा माणूस पायी आधी पोहोचतो.

गाडी दारापासून लांब गेली ती सुरक्षेमुळे. अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली, पण तेव्हा गाड्यांना कुणी हात लावला नव्हता. ११ सप्टेंबर २००१ नंतर टर्मिनलपासून ३०० फुटांच्या, म्हणजे सुमारे ९० मीटरच्या आत गाडी उभी करण्यास मनाई झाली. मोठ्या विमानतळांनी गॅरेजचा काही भाग बंद केला. छोट्यांच्या बाबतीत मात्र हा पट्टा म्हणजे जवळजवळ सगळे मैदानच होते. पुढे स्फोटाचा परिणाम मोजून प्रत्येक ठिकाणी वेगळी सवलत मिळत गेली. ३० जून २००७ रोजी ग्लासगो विमानतळाच्या दारावर गॅस सिलिंडर भरलेली जीप घालण्यात आली. त्यानंतर ब्रिटनमध्येही दारासमोरचे रस्ते खांबांनी अडवले गेले आणि प्रवासी उतरवण्याची जागा मागे सरकली.

जमीन संपली तिथे छोट्या विमानतळांनीही गॅरेजे बांधली आणि बांधकामाचे जुने-नवे दोष त्यांच्या वाट्याला आले. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हन विमानतळाचे जवळजवळ पूर्ण झालेले गॅरेज २७ मे २०१७ च्या संध्याकाळी अंशतः कोसळले. कुणाला इजा झाली नाही. तिथली लादी, म्हणजे मजल्याची काँक्रीटची स्लॅब, दोन थरांची होती: खाली कारखान्यात ओतलेल्या पातळ फळ्या, वर जागेवर ओतलेले काँक्रीट, मधे वजन वाचवायला प्लास्टिकचे पोकळ गोळे. दोन फळ्यांच्या सांध्यावर सगळा ताण वरच्या थरातल्या जोडसळ्यांनी पेलायचा होता आणि तो खालच्या फळीत उतरायला दोन्ही थर घट्ट चिकटायला हवे होते. फळीचा पृष्ठभाग फार गुळगुळीत निघाला. त्या दिवशी उन्हाने वरचा थर तापला, ताण वाढला आणि सांधा उघडला. त्यानंतर देशभर तशाच लाद्यांच्या इमारती तपासायला लागल्या.

आग हा दुसरा धडा. उघड्या बाजूंच्या वाहनतळात धूर आणि उष्णता बाहेर जाते, एका गाडीची आग फार तर शेजारच्या एक-दोन गाड्यांपर्यंत जाते, असे जुन्या चाचण्यांवरून धरले गेले आणि पाण्याचे फवारे बसवण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी झाली नाही. चाचण्यांतल्या गाड्या अरुंद आणि पत्र्याच्या होत्या. आताच्या गाड्या रुंद, जागेची रुंदी तीच, त्यामुळे दोन गाड्यांमधले अंतर घटले. प्लास्टिक वाढले, इंधनाची टाकीही प्लास्टिकची झाली. ती वितळली की पेटते इंधन उतारावरून खालच्या मजल्याकडे वाहते. ७ जानेवारी २०२० रोजी नॉर्वेतल्या स्टाव्हांगर विमानतळाच्या गॅरेजमध्ये शेकडो गाड्या जळाल्या आणि इमारतीचा भाग कोसळला. १० ऑक्टोबर २०२३ रोजी लुटन विमानतळावर हजाराहून अधिक गाड्या गेल्या आणि नव्या इमारतीची राख झाली. दोन्ही ठिकाणी पाण्याचे फवारे नव्हते. दोन्ही वेळा विजेच्या गाडीवर संशय घेतला गेला, सुरुवात मात्र डिझेल गाडीपासून झाली होती.

विजेच्या गाड्यांचा खरा प्रश्न वजनाचा आहे. बॅटरीमुळे गाडीत काहीशे किलोंची भर पडते. वाहनतळाची लादी चौरस मीटरला साधारण २५० किलोंच्या हिशोबाने बांधलेली असते. शाबूत इमारतीला हे अजून झेपते. पण थंड प्रदेशात रस्त्यावर टाकलेले मीठ गाड्यांच्या चाकांबरोबर आत येते, पाण्यात मिसळून काँक्रीटमध्ये झिरपते आणि सळ्या गंजवते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला १९६५ साली बांधलेल्या वाहनतळाचा १२० टनांचा तुकडा २० मार्च १९९७ च्या पहाटे खाली आला, तो खांबाभोवतीची लादी कमकुवत झाल्यामुळे. तेव्हा वर गाड्यांचा भारही नव्हता. म्हणून जुन्या वाहनतळाची तपासणी खांबाच्या माथ्यापासून आणि तुंबलेल्या नाल्यांपासून सुरू करतात. पाणी जिथे साचते, सळी तिथे आधी जाते.