आयरिश सिंगल्स चार्टमधील अव्वल गाणी

आयर्लंडमध्ये आठवडाभरात सर्वाधिक खपणाऱ्या सिंगल्सची, म्हणजे सुट्या प्रसिद्ध होणाऱ्या गाण्यांची, क्रमवारी म्हणजे आयरिश सिंगल्स चार्ट. ही क्रमवारी ऑक्टोबर 1962 पासून सरकारी नभोवाणीने सुरू केली. पहिला क्रमांक सर्वप्रथम मिळाला तो एल्विस प्रेस्लीच्या ‘शीज नॉट यू’ला. यादीतील बरीचशी गाणी शेजारच्या ब्रिटनच्या यादीतही सापडतात. गाण्यांची भाषा इंग्रजी, दुकानांत येणाऱ्या तबकड्या त्याच, त्यामुळे ते साहजिक आहे. म्हणूनच आयरिश श्रोत्यांची आवड ओळखायची तर दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात आणि त्या कुठे फुटून निघतात ते पाहावे.

1992 पर्यंत ही क्रमवारी आरटीई ही राष्ट्रीय प्रसारणसंस्था तयार करत असे. रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानांना किती माल धाडला, यावर ती ठरे. गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष किती विकत घेतला, यावर नव्हे. जुने आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. पुढे हे काम ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या इर्मा या संघटनेकडे गेले आणि दुकानातील विक्री मोजली जाऊ लागली. आता त्यात स्ट्रीमिंगही धरले जाते. श्रोत्यांसाठी मात्र चार्ट म्हणजे अनेक दशके रेडिओ निवेदक लॅरी गोगन यांचा आवाज होता. आरटीईची दुसरी रेडिओ वाहिनी 31 मे 1979 रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्यावरची पहिली तबकडी त्यांनीच लावली. ती बूमटाउन रॅट्स या डब्लिनच्या बँडची होती. जानेवारी 2020 मध्ये गोगन यांचे निधन झाले.

साठच्या दशकातील आयरिश पॉप म्हणजे शोबँड. सात-आठ वादक, एकसारखे सूट, ट्रम्पेट-सॅक्सोफोनची साथ आणि गावोगावच्या बॉलरूममध्ये रात्री उशिरापर्यंत चालणारे नाच. तिथे दारू नसे, चहा आणि सरबते असत. अशा बॉलरूमच्या साखळीचे एक मालक अल्बर्ट रेनल्ड्स पुढे देशाचे पंतप्रधान झाले. वॉटरफर्डच्या रॉयल शोबँडचे गायक ब्रेंडन बॉयर यांनी एल्विसचेच ‘किस मी क्विक’ गाऊन 1963 मध्ये पहिला क्रमांक मिळवला. आयरिश कलावंताला मिळालेला हा पहिलाच. ही गाणी बहुतेक अमेरिकी गाण्यांच्या नकला होत्या, म्हणून नंतरच्या समीक्षकांनी शोबँडना नाके मुरडली. हा निवाडा अन्यायाचा आहे. खेड्यातल्या तरुण-तरुणींना एकत्र नाचायला मिळाले ते याच बँडमुळे. या जगावर सर्वांत क्रूर घाव पडला तो 31 जुलै 1975 रोजी. बॅनब्रिजचा कार्यक्रम आटोपून परतणाऱ्या मायामी शोबँडची गाडी वाटेत अडवून यूव्हीएफ या उत्तर आयर्लंडमधील ब्रिटननिष्ठ सशस्त्र गटाने तिघा कलावंतांना ठार केले.

ब्रिटिश यादीपासून पहिली ठळक फारकत झाली ती लोकगीतांनी. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टरच्या उठावाला 50 वर्षे झाली त्या 1966 साली अ‍ॅकॉर्डियनवादक डर्मट ओब्रायन यांचे ‘द मेरी प्लाउबॉय’ अव्वल ठरले. नांगर सोडून बंडात सामील होणाऱ्या शेतकरी पोराचे हे गाणे आहे. ओब्रायन स्वतः 1957 मध्ये गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या स्वतःच्या खेळाची अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकणाऱ्या लाउथ संघाचे कर्णधार होते. त्या गाण्याच्या पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, डब्लिनर्स या लोकगीत गटाचे ‘सेव्हन ड्रंकन नाइट्स’ आले. रोज रात्री झिंगून घरी येणाऱ्या नवऱ्याला दाराशी परका घोडा, परका कोट, परके बूट दिसतात आणि बायको दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. नाव सात रात्रींचे, पण गटाचे गायक रॉनी ड्रू यांनी गायल्या पाचच. उरलेल्या दोन फारच चावट होत्या. आरटीईने एवढ्यावरही बंदी घातली. गाणे वाजवले ते समुद्रात जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ कॅरोलाइन या विनापरवाना केंद्राने, आणि बंदी असूनही ते आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

1972 ची यादी तर त्या वर्षाच्या बातम्यांसारखी वाचता येते. उत्तर आयर्लंडमध्ये खटल्याविना चालणाऱ्या स्थानबद्धतेवरचे ‘द मेन बिहाइंड द वायर’ हे बार्लीकॉर्न गटाचे गाणे वर्षारंभी अव्वल होते. 30 जानेवारीला तिथल्याच डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. त्यावर पॉल मॅकार्टनी यांच्या विंग्ज या बँडने ‘गिव्ह आयर्लंड बॅक टू द आयरिश’ काढले. बीबीसीने बंदी घातलेले हे गाणे आयर्लंडमध्ये पहिले आले.

युरोव्हिजन ही युरोपीय देशांची गीतस्पर्धा जिंकणारी डेना (1970) आणि जॉनी लोगन (1980) यांची गाणी दोन्ही देशांत अव्वल ठरली. 1987 च्या नाताळात मात्र पुन्हा फाटा फुटला. पोग्ज हा बँड आणि गायिका कर्स्टी मॅकॉल यांचे ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ आयर्लंडमध्ये पहिले, ब्रिटनमध्ये दुसरे.

सर्वांत समृद्ध वर्ष 1990. आरंभी आयरिश गायिका शिनेड ओकॉनर यांचे ‘नथिंग कंपेअर्स टू यू’ साऱ्या जगात गाजत होते. उन्हाळ्यात आयर्लंड प्रथमच फुटबॉलच्या विश्वचषकात उतरला आणि ‘पुट एम अंडर प्रेशर’ 13 आठवडे अव्वल राहिले. यू टू या आयरिश बँडचे ढोलवादक लॅरी मलन यांनी ते घडवले. सुरुवातीला मोया ब्रेनन यांचा स्वर, मग हॉर्सलिप्स या आयरिश बँडच्या 1973 च्या ‘जॅरग डूम’मधली गिटारची धून, जी मुळात एका जुन्या आयरिश कूचगीताची चाल आहे, त्यावर संघाचे इंग्रज प्रशिक्षक जॅक चार्लटन यांचे बोल आणि प्रेक्षकांचा घोष. संघ उपांत्यपूर्व फेरीत रोममध्ये इटलीकडून हरला, गाणे टिकले. त्याच वर्षी गॉलवे परगण्यातील ट्यूम गावच्या सॉ डॉक्टर्स या बँडचे ‘आय यूस्टा लव्हर’ नऊ आठवडे पहिले होते. नाताळच्या आदल्या दिवशी उपवास करून मदतसंस्थेसाठी पैसे गोळा करणारी मुलगी, आणि तिच्यावर छाप पाडायला सर्वांदेखत देणगी टाकणारा पोरगा: इतके स्थानिक चित्र, तेही गावच्याच बोलीत. परदेशात कुणाला कळेल याची पर्वा न करता रचलेले हे गाणे माझ्या मते आयरिश पॉपच्या उत्तम नमुन्यांपैकी एक आहे.

30 एप्रिल 1994 रोजी डब्लिनमधील युरोव्हिजनच्या मध्यंतरात संगीतकार बिल व्हीलन यांचे ‘रिव्हरडान्स’ हे आयरिश नृत्य-संगीत सादर झाले. स्पर्धा आयर्लंडनेच जिंकली, पण लोकांनी उचलून धरला तो हा मध्यंतराचा सात मिनिटांचा तुकडा. तो 18 आठवडे अव्वल होता.

या गाण्यांकडे मागे वळून पाहण्याची सवय आयरिश प्रेक्षकांना लावली ती ‘रीलिंग इन द इयर्स’ या आरटीईच्या मालिकेने. 1999 पासून दाखवल्या जाणाऱ्या या मालिकेच्या एका भागात एक वर्ष असते. निवेदक नाही; बातम्यांची जुनी दृश्ये, पडद्यावर दोन ओळी मजकूर आणि मागे त्या काळची गाणी. संप, निवडणूक किंवा बर्फवृष्टी दिसत असताना कानावर त्या वर्षीचे लोकप्रिय गाणे पडते, आणि तेव्हा जन्मलेही नसलेल्यांच्या मनात दोन्हींची जोडी पक्की बसते.

स्ट्रीमिंगमुळे अलीकडे आयरिश आणि ब्रिटिश याद्या पूर्वीपेक्षा जास्त सारख्या झाल्या आहेत. त्याच स्ट्रीमिंगमुळे जुने गाणे पुन्हा वर येण्याची वाटही खुली झाली. पोग्जचे गायक शेन मॅगोवन 30 नोव्हेंबर 2023 रोजी गेले आणि डिसेंबरात ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ 36 वर्षांनी पुन्हा आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर आले.