एका आईचे दोन भाऊ, एक गोरा एक काळा: 'द ब्लड नॉट' नाटकामागची गोष्ट

सप्टेंबर १९६१, दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमधलं डॉर्के हाऊस. थिएटर म्हणावं असं काही नव्हतंच, तालमीची एक खोली, जिथे काळे म्युझिशियन आणि नट सरावाला जमायचे. तिथे एक नवीन नाटक झालं, स्टेजवर दोनच माणसं, एक गोरा अ‍ॅथॉल फ्युगार्ड (नाटकही त्यानंच लिहिलेलं) आणि दुसरा काळा झेक्स मोकाए, जो आधी सॅक्सोफोन वाजवायचा. आणि नाटकात हे दोघं भाऊ!

हे किती धाडसाचं होतं ते कळायला थोडं मागे जावं लागेल. १९४८ ला वंशभेद (अपार्थाइड) राबवणारी, गोऱ्यांची नॅशनल पार्टी निवडून आली, १९४९ ला गोऱ्यांनी इतर वंशात लग्न करण्यावर बंदी आली आणि १९५० च्या नोंदणी कायद्यानं प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का बसला, गोरा, काळा की 'कलर्ड' म्हणजे मिश्र वंशाचा. ठरवायचं कसं तर दिसण्यावरून, शंका असेल तर केसात पेन्सिल खोचून बघायचे, खाली पडली तर एक जात, अडकली तर दुसरी. म्हणजे एकाच घरातली सख्खी भावंडंही कागदावर वेगळ्या वंशाची होऊ शकत होती, आणि मग राहायची वस्ती वेगळी, शाळा वेगळी, बसायचा बाकडाही वेगळा.

फ्युगार्डनं हे टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं. १९५८ मध्ये तो जोहान्सबर्गमधल्या फोर्ड्सबर्गच्या कोर्टात क्लार्क होता, पासच्या (म्हणजे काळ्यांना कायम जवळ बाळगावा लागणाऱ्या परवान्याच्या) केसेस तिथे चालायच्या, खिशात पास नाही म्हणून काळ्या माणसांना धडाधड जेलात पाठवलं जायचं. त्याच काळात जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीतल्या काळ्या लेखक-नटांशी त्याची दोस्ती झाली, मोकाए त्यातलाच. पुढे फ्युगार्ड युरोपात गेला, पण मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल या काळ्यांच्या वस्तीत पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळीबार करून ६९ माणसं मारली आणि त्याच वर्षी तो मायदेशी परतला.

नाटक घडतं पोर्ट एलिझाबेथच्या कोर्स्टन वस्तीतल्या एका पत्र्याच्या खोलीत. उजळ मॉरिस घर सांभाळतो, काळा झॅकरिया दिवसभर कामावर उभा राहून येतो आणि मॉरिस त्याच्यासमोर गरम पाण्याचं टब ठेवतो, पाय शेकायला. सगळं अलार्मच्या घड्याळावर चालतं. शेत घ्यायचं म्हणून पैसे साठवलेले असतात, ते पैसे झॅकरिया मॉरिसला गोऱ्या साहेबासारखे कपडे आणण्यात घालवतो, कारण पत्रातून ओळख झालेली एक मुलगी गोरी निघते आणि तिला भेटायला गोरा दिसणाराच जाऊ शकतो. मुलगी शेवटी येतच नाही. पण सूट अंगात चढल्यावर दोघं साहेब आणि नोकराचा खेळ खेळायला लागतात आणि मॉरिसच्या तोंडून शिव्या इतक्या सहज येतात की मला तो भाग वाचताना दर वेळी पोटात गोळा येतो, कायदा आता बाहेर राहिलेला नाही, तो खोलीत शिरलाय, भावाच्या जिभेवर बसलाय.

पुढे या नाटकाचा देशभर दौरा झाला, तेव्हा फ्युगार्ड ट्रेनमध्ये फर्स्ट क्लासमध्ये आणि मोकाए थर्ड क्लासमध्ये. रात्री एकमेकांचे भाऊ होणारी ही दोन माणसं सकाळी एका डब्यात बसू शकत नव्हती!

१९६१ ला गोरा आणि काळा नट एका स्टेजवर येऊ नयेत असा थेट नियम नव्हता, त्या फटीतून हे नाटक निसटलं. १९६५ ला सरकारनं ती फट बुजवली, मिश्र नट आणि मिश्र प्रेक्षक दोन्हीवर बंदी आणली. तोवर नाटक १९६३ ला लंडनला आणि १९६४ ला न्यूयॉर्कला पोचलं होतं, तिथे झॅकरिया झाला अमेरिकन काळा नट जेम्स अर्ल जोन्स. १९६७ मध्ये बीबीसीवर ते दाखवलं गेलं आणि त्यानंतर फ्युगार्डचा पासपोर्ट काढून घेण्यात आला.

१९८५ ला फ्युगार्ड आणि मोकाए अमेरिकेत परत तेच दोन भाऊ म्हणून उभे राहिले, पन्नाशी ओलांडलेले. मिश्र लग्नांवरची बंदी त्याच वर्षी उठली. वंशाचा शिक्का मारणारा कायदा मात्र जायला १९९१ उजाडलं.